सासूबाईंचा पूल आतल्या बाजूला

आमच्या घरात वर्षभर जेवणाचं टेबल हे फक्त म्हणायला होतं. त्याच्यावर एक नदी होती, नदीवर पूल, पुलाच्या अलीकडे स्टेशन आणि पलीकडे एक गाव. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. "नदीला धक्का लावू नका" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पाहुणे आले की टेबलाखाली पाय पसरायचे नाहीत, तिथे वायरी आहेत, हे त्यांना आधी सांगावं लागायचं.

हा सगळा पसारा सासूबाईंचा. त्यांनी जन्मभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. मेण, प्लास्टर, बारीक कानशी आणि डोळ्याला भिंग, हे त्यांचं जग. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी छोट्या रेल्वेच्या क्लबात नाव घातलं. त्या क्लबाची गंमत अशी की प्रत्येकाने आपापल्या घरी रेल्वेचा एक तुकडा बनवायचा आणि वर्षातून एकदा, प्रदर्शनाच्या दिवशी, हॉलमध्ये सगळे तुकडे आणून एकमेकांना जोडायचे. मोठं कडं तयार होतं आणि सगळ्यांच्या गाड्या सगळ्यांच्या गावांतून धावतात. ती सकाळ उजाडेपर्यंत पूर्ण रेल्वे कुणीच पाहिलेली नसते. नवीन तुकडा असेल, तर त्याच्यावरून पहिली गाडी तो बनवणाऱ्यानेच न्यायची, असा त्यांचा नियम आहे.

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. आपल्या पुलावरून पहिली गाडी आपल्या हाताने न्यायची. यात मोठं काय, असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. त्यांना संधिवात आहे. आधी गुडघे गेले, मग चाकाची खुर्ची आली, आणि गेल्या वर्षापासून दुखणं बोटांत उतरलं. "पुढच्या वर्षी ही बोटं बटण फिरवतील असं मला वाटत नाही," त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या. सुरात रडगाणं नव्हतं, म्हणून तर मला ते जास्त लागलं.

शिवाय संधिवाताचं औषध असं की ते अंगातली प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतं. कुणी शेजारी शिंकलं की आम्हाला धडकी भरते. मागे एकदा त्यांना न्यूमोनिया झाला होता, तेव्हापासून तर त्यांनी क्लबाची एक बैठकही प्रत्यक्ष पाहिली नव्हती. सगळा कारभार फोनवर. प्रदर्शनाचं विचारायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. क्लबाने दारं उघडायच्या आधीचा एक तास अशाच लोकांसाठी राखून ठेवला होता: खुर्चीवाले, काठीवाले, गोंगाट न सोसणारे, आमच्यासारखे गर्दीला भिणारे. "त्या तासात जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्क काढायचा नाही, खिडक्या उघड्या हव्यात. आणि गर्दी आत शिरायच्या आधी तुम्ही बाहेर."

मी मोटार शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसते, माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो आणि जिभेवर जादा हॉर्न. त्यामुळे त्या सकाळी घरातून निघायची जबाबदारी मी घेतली. नवरा काळजी करायला होताच. त्याने आईसाठी मास्कची अख्खी पेटी घेतली होती आणि गाडीत बसल्यापासून दर सिग्नलला विचारत होता, "आई, दम लागतोय का?"

"तू बोलतोस त्याने लागतोय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि मास्कवरून नुसते डोळेच दिसत होते, पण ते डोळे असे लकाकत होते की मलाच उगाच हसू येत होतं.

हॉलच्या पुढच्या दाराला पायऱ्या. उतार मागे आहे, असं पहारेकऱ्याने हाताने दाखवलं. मागे म्हणजे कचऱ्याचे डबे, रिकामी खोकी आणि बंद दार. दार ठोठावून उघडून घेतलं, तर उताराच्या तोंडाशीच कुणीतरी स्कूटर लावलेली. मी जो काही आवाज लावला, त्याने स्कूटरचा मालक तर आलाच, शिवाय आतून क्लबातले दोघंजणही बाहेर आले. एक क्लबाचे प्रमुख, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दुसरी वायरिंगची कामं करणारी एक उंच बाई, कमरेला स्क्रूड्रायव्हरांचा पट्टा.

"काकू, एकदाच्या आलात!" चष्मेवाले म्हणाले. मास्कमुळे त्यांच्याच चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे हे स्वागत त्यांनी माझ्याकडे बघून केलं.

आत गेलो आणि मी बाई बघतच राहिले. हॉलभर रेल्वे! डोंगर, बोगदे, कारखाने, एक बंदर, एका ठिकाणी तर फुटबॉलचा सामना चाललेला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. टेबलांचं मोठं कडं, बाहेर हातभर अंतरावर प्रेक्षकांसाठी दोरी, आणि कड्याच्या आत गाड्या चालवणारे खुर्च्यांवर बसलेले. जोडायचा बाकी होता तो फक्त आमचा तुकडा. तिथे मोकळी फट ठेवली होती.

सासूबाई मात्र नुसती मान उंचावत होत्या. मी खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आले तेव्हा कळलं. पोरांचे हात गाड्यांपर्यंत पोचू नयेत म्हणून टेबलांच्या बाहेरच्या कडेला उभ्या फळ्या ठोकल्या होत्या. उभ्या माणसाला काही अडचण नाही. बसलेल्याला नुसती काळी फळी. थोड्या अंतरावर दुसऱ्या एक बाई चाकाच्या खुर्चीत बसून त्याच फळीकडे बघत होत्या. पोहायला शिकवायच्या म्हणे, कंबरेचं हाड मोडून बसल्या होत्या.

"छान रंगवलीय फळी," त्या मला म्हणाल्या. "वर काय आहे म्हणे?"

मी चष्मेवाल्यांना दोन शब्द सुनावणार होते, पण तेवढ्यात नवरा आणि वायरवाली आमचा तुकडा गाडीतून उचलून घेऊन आले आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. तुकडा फटीत बसवला. बसेना. परत उचलला, परत टेकवला. वायरवालीने खाली वाकून बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"काकू, डाव्या टोकाला खुंट्या हव्या होत्या आणि उजव्याला भोकं. तुमचं उलट झालंय."

"नकाशात होतं तसंच केलंय मी," सासूबाई ताठ होऊन म्हणाल्या. मग त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत हात हवेत फिरवला, डावा, उजवा, आणि एकदम थांबल्या. "अगं आई गं."

झालं होतं असं. दातांच्या कागदावर उजवीकडचे दात डावीकडे काढतात. कारण माणूस आपल्यासमोर तोंड उघडून बसलेला असतो, त्याची उजवी बाजू ती आपली डावी. सासूबाईंनी जन्मभर तसेच कागद वाचले. क्लबाचा नकाशा आला तोही त्यांनी तसाच वाचला, जणू काही टेबल त्यांच्यासमोर आ करून बसलं होतं! बैठकीला एकदा जरी जाता आलं असतं तरी कुणीतरी टोकलं असतं.

"मग फिरवून लावू," वायरवाली म्हणाली. रूळ बरोबर मधोमध होते, त्यामुळे ते जमण्यासारखं होतं. तुकडा गर्रकन फिरवला, टेकवला, आणि खुंट्या भोकांत टकाटक बसल्या. पण आता पुलाचं तोंड आतल्या बाजूला, गाडी चालवणाऱ्यांकडे. आणि प्रेक्षकांकडे? सासूबाईंनी गावाच्या मागे आकाश म्हणून एक उंच फळी लावली होती. प्रेक्षकांकडे त्या आकाशाची पाठ आली. कोरं लाकूड, लोंबणाऱ्या वायरी आणि एका कोपऱ्यात आमच्या दूधवाल्याचा नंबर.

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. "काकू, राग मानू नका. लोक लाकूड बघायला येत नाहीत हो. आमच्याकडे एक साधा सरळ तुकडा जादा आहे. यंदा तो लावू. तुमचा पूल बाजूच्या टेबलावर मांडू, शोभेल."

"शोभेल?" मी म्हटलं. "वर्षभर मांडीवर ताटं घेऊन जेवलोय आम्ही, ते शोभेला?"

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. चला घरी." आणि त्यांनी खुर्ची वळवायला चाकाला हात घातला. बोटांनी चाक धरता येईना, म्हणून मनगटाने ढकलायला लागल्या. ते बघून मला संताप आला.

"एक मिनिट," मी म्हटलं. "ते आकाश काढा."

"काय?"

"आकाश! स्क्रू आहेत ना त्याला? काढा. निदान पलीकडची गाडी तरी दिसेल."

"मागून काय दिसणार, वहिनी? घरांच्या कोऱ्या पाठी," चष्मेवाले म्हणाले. पण वायरवालीने पट्ट्यातून स्क्रूड्रायव्हर उपसलाच होता. सासूबाई "अगं नको, अगं भुसा पडेल" म्हणत राहिल्या आणि आकाश खाली आलं.

वाकून बघत नवरा म्हणाला, "आई, हे कधी केलंस?"

घरांच्या पाठी कोऱ्या नव्हत्या. प्रत्येक घराला मागचं दार होतं, दाराला कडी होती. पाणी वाहून जायचे पाइप भिंतीवरून खाली उतरत होते. दोरीवर कपडे वाळत होते, त्यांना चिमटेसुद्धा. एका पायरीवर मांजर बसलं होतं, आणि एका घराच्या मागच्या खिडकीतून कुणीतरी बादली उपडी करत होतं. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर दातांचा डॉक्टर बसून चोरून बिस्कीट खात होता. वर्षभर मी त्या टेबलाशेजारी वावरले आणि यातलं मला काही म्हणता काही माहीत नव्हतं.

"पण हे तर आकाशामागे झाकलं जाणार होतं," चष्मेवाले म्हणाले. चष्मा त्यांनी आता कपाळावरच चढवला होता आणि नाक घरांना टेकवलं होतं. "कुणाला दिसणार होतं हे?"

सासूबाईंना तो प्रश्नच कळला नसावा. "कवळीची मागची बाजू कुणाला दिसते?" त्या म्हणाल्या. "पण जीभ तिथेच लागते. मागे खरखरीत ठेवली की माणूस दुसऱ्या दिवशी परत आणून देतो. मला नाही जमत मागची बाजू तशीच सोडायला."

"हा तुकडा इथेच राहील," चष्मेवाले म्हणाले. "लोकांना मागच्या दारानेच गाव दाखवू!"

मला टाळी वाजवावीशी वाटली आणि मी वाजवली. पण आता वेगळीच पंचाईत समोर आली. गाडी चालवायचं बटण कड्याच्या आत. आत जायचं तर टेबलाखालून ओणवं होऊन. चष्मेवाल्यांनी जाऊन दाखवलंसुद्धा, गुडघ्यांवर, धापा टाकत. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि पलीकडे दाराबाहेर रांगेचा गलका वाढत चालला. आमचा तास आम्ही जोडाजोडीतच घालवला होता.

"आता दारं उघडतील," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "आई, चल. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कुणी बघितलंय?" सासूबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज शांत नव्हता. "इथपर्यंत आले आणि ते बटण नुसतं लांबून बघू?"

मी कड्याकडे बघितलं. मोटार शिकवताना मी रोज एकच गोष्ट घोकून घेते, की आधी बघा कोण कुठून येऊ शकतं. मी तेच बघितलं. दोरीच्या बाहेर गर्दी येणार. दोरीच्या आत हातभर मोकळी जागा. मग टेबल, तेही चांगलं रुंद. आणि कड्याच्या आत जायला कुणालाही वाट नाही. या हॉलमध्ये सगळ्यात सुरक्षित जागा कुठली असेल, तर ती कड्याच्या आत होती!

"तुकडा परत काढा," मी म्हटलं. "फट मोकळी करा. आई फटीतून आत जातील, मग तुकडा त्यांच्यामागे लावा. गर्दीचा बाप आला तरी त्यांच्याजवळ पोचणार नाही."

"म्हणजे आई आत कोंडली जाणार," नवरा म्हणाला.

"कोंडली नाही, सांभाळली जाणार. आणि बाहेर यायचं तर तुकडा काढायला असा कितीसा वेळ लागतो?"

तो ऐकेना. मग मी सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला. त्यांनी फटाफट विचारलं. लोक किती लांब? खिडक्या? आत किती माणसं, त्यांना मास्क आहेत का, कुणी खोकतंय का? आत दूरदूर बसलेले चार चालक होते, सगळे ठणठणीत. चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं की आत मास्क नसेल तर गाडीच्या बटणाला हात नाही, आणि आमच्या पेटीतले मास्क वाटलेसुद्धा. फोनवर थोडा वेळ पेन आपटल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. एक तास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाशी हात मिळवायचा नाही. दम लागला तर लगेच बाहेर. आणि मला व्हिडिओ पाठवा."

मग काय विचारता! तुकडा वर, खुर्ची आत, तुकडा खाली. "मीपण येऊ का हो?" दोरीपाशी पोहण्याच्या बाई विचारत होत्या. तुकडा परत वर, त्यांची खुर्ची आत, तुकडा परत खाली. मी टेबलाखालून घुसले आणि डोकं आपटून घेतलं. नवरा बाहेर राहिला, आणि दारं उघडली.

लोंढा आला. बाप खांद्यावर पोरं घेऊन, आज्या पिशव्या सावरत, शाळेचा एक अख्खा वर्ग. दोरीपाशी बघता बघता माणसावर माणूस. पण आमच्या कड्यात वारा खेळत होता आणि खिडकीतलं ऊन नदीवर पडलं होतं. आतल्या बाजूला उंच फळ्या नव्हत्या. पोहण्याच्या बाईंना पहिल्यांदाच डोंगर, बोगदे, बंदर आणि समोर आमचा पूल दिसला.

"अय्या," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या दारात गालाला रुमाल बांधून रांग लागलीय!"

"त्यातला शेवटचा पळायच्या बेतात आहे," सासूबाई म्हणाल्या. "नीट बघा, एक पाय रस्त्यावर आहे."

"मंडळी," चष्मेवाल्यांनी ओरडून सांगितलं, "नवीन पूल! पहिली गाडी!"

सासूबाईंनी बटणाकडे हात नेला. बटण छोटं, गोल आणि घट्ट. अंगठा आणि बोट त्याच्यावर टेकलं, पण चिमटीत जोर येईना. मी बघितलं की बोटाचं पेर पांढरं पडलंय. त्यांनी हात काढला, दोन्ही तळवे बटणाच्या दोन बाजूंना लावले आणि हात जोडल्यासारखे दाबून फिरवले. इंजिन हललं!

स्टेशन सुटलं. डबे एकामागून एक वळणावर आले. बाहेरून पोरं ओरडत होती, "आली, आली!" गाडी पुलावर चढली आणि मधोमध थांबली.

इंजिन नुसतं गुरगुरत होतं. आकाश काढताना भुसा पडला होता, तो रुळावर बसला असणार. वायरवालीचा हात आपोआप पुढे गेला. बोटाने हलकेच ढकललं की गाडी निघते, सगळेच तसं करतात.

"खबरदार," सासूबाई म्हणाल्या.

तिने हात मागे घेतला. माझा पाय टेबलाखाली जमिनीत रुतला होता, नसलेला ब्रेक दाबत. दोरीपलीकडे नवरा दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा होता. सासूबाईंनी तळव्यांनी बटण उलटं फिरवलं. गाडी पुलावरून हळूच मागे आली, स्टेशनापर्यंत. त्यांनी श्वास घेतला, मास्क आत ओढला गेला, बाहेर फुगला. मग त्यांनी दात आवळले, त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला, आणि बटण एका दमात फिरवलं.

गाडी सुसाट निघाली. पुलावर चढली, भुशाच्या जागी एकदा अडखळली, चाकाखाली बारीकशी ठिणगी उडाली, आणि सगळे डबे खडाखडा नदी ओलांडून गावात शिरले. मागच्या दारांपलीकडून, वाळत घातलेल्या कपड्यांपलीकडून, मांजरापलीकडून गाडी जाताना बाहेरच्या लोकांनी केवढा कल्ला केला! सगळ्यांत मोठ्याने माझा नवरा ओरडत होता. "ती माझी आई आहे! माझी आई!" तो शेजारच्या अनोळखी माणसांना सांगत सुटला होता. पोहण्याच्या बाई खुर्चीचे हात बडवत होत्या. मला रडायला आलं आणि मास्कमुळे नाकही पुसता येईना.

सासूबाई गाडीवरून नजर काढत नव्हत्या. गाडी बोगद्यात गेली, बंदराला वळसा घालून आली, आणि त्यांनी ती स्टेशनात अगदी फलाटाच्या कडेला आणून उभी केली. मग हात मांडीवर ठेवले. बोटं लालबुंद सुजली होती.

मी त्यांच्याजवळ वाकले. "आई, दुखतंय?"

"मरणाचं," त्या म्हणाल्या. डोळे तसेच लकाकत होते. "मालगाडी लाव."